बाजारात भरलेला गाण्याचा तास

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहत होत्या. ना नवरा, ना मूल. गाण्याचा तास हाच त्यांचा गोतावळा.

एका वर्षी पंचांनी सांगितलं, "बाई, गाण्यावर खर्चायला गावाकडे काही उरलं नाही. तास बंद."

बाई दारोदार फिरल्या. "गाण्यानं पोट भरतं का?" असं म्हणून लोकांनी त्यांना वाटेला लावलं. शेवटी त्या गुळाच्या व्यापाऱ्याकडे गेल्या.

"पेटी, तबला, तुमचा पगार, सगळं मी देतो," व्यापारी म्हणाला. "पण गोड गळ्याची पोरं तेवढी ठेवा. घोगरी, बेसूर असतील त्यांना घरी धाडा. माझं नाव लागणार आहे."

बाईंना ठकू आठवली. फाटक्या आवाजाची, एरवी कुणाशी चकार शब्द न बोलणारी, फक्त गाण्याच्या तासाला तोंड उघडणारी पोर.

"मग नको, शेठ," त्या म्हणाल्या.

गाव चिडलं. "आलेली लक्ष्मी लाथाडली हिनं!" पाणवठ्यावर बाई दिसल्या की बायका पाठ फिरवू लागल्या. बाई रोज रिकाम्या वर्गात जात, पेटी उघडत आणि न वाजवताच मिटत. दिवसचे दिवस त्यांना कुणी हाक मारत नसे.

एका बाजाराच्या दिवशी त्यांना राहवेना. पेटी उचलून त्या भर बाजारात लिंबाखाली जाऊन बसल्या. बराच वेळ जवळ कुणी फिरकलं नाही. मग ठकू आली, मांडी घालून बसली आणि गाऊ लागली. लोक फिदीफिदी हसले.

एवढ्यात ज्वारी विकणारी तिची आई माप टाकून धावत आली. "ही माझी ठकू? अहो, बाप गेल्यापासून घरात एक शब्द बोलली नाही ही!"

हसणारे खाली बघू लागले. आईनं मूठभर ज्वारी बाईंच्या पदरात घातली. शेजारच्या मिरचीवाल्यानं मूठभर मिरच्या ठेवल्या. मग हळूहळू सारा बाजारच आपापली मूठ घेऊन पुढं आला. पुढं प्रत्येक बाजाराला दुकानागणिक एक मूठ शाळेसाठी निघू लागली, आणि ती विकून गाण्याचा तास चालू लागला.

त्या दिवसांतलं एकटेपण बाईंच्या मनातून पुरतं कधी गेलं नाही. पण शेठला नकार दिल्याचा पस्तावाही त्यांना कधी झाला नाही.

तात्पर्य: सगळ्यांसाठी मागितलेलं दान एकालाही वगळून घेऊ नये; मग त्यापायी एकटं पडावं लागलं तरी बेहत्तर.