साळूच्या मिशांवरची बुरशी

त्या वारुळात नाव कोणी विचारत नसे, वास विचारत. दारावरचे पहारेकरी येणाऱ्याच्या अंगावरून मिशा फिरवीत आणि एका वासाला दिवसातून एकदाच आत सोडीत. ज्याला स्वतःचा वास उरला नाही, तो मेल्यात जमा. पाय हलवत असला तरी त्याला उचलून बाहेरच्या ढिगावर ठेवीत.

विसरणारे पुष्कळ होते. पाण्यात सापडलेल्यांचा वास जाई, पण उन्हात वाळले की परत येई. एकाच्या डोक्यावर खडा पडला होता. खड्याआधीचं त्याला सगळं आठवे, नंतरचं काहीच टिकत नसे. मोहाच्या आंबलेल्या फुलांत पडून राहणारा एक म्हातारा तर विसरलेल्या जागी वाटेल ते रचून घाली आणि तेच खरं मानी.

साळूचं तसं नव्हतं. तिच्या मिशांवर पांढरी बुरशी चढत होती. आधी कालचा दाणा गेला, मग वाट, मग धाकट्या भावाचं, तिखट्याचं, नाव. शेवटी वासही गेला.

ती रोज उठून बाहेर भटके. तिखट्या तिला शोधून आणी, आपलं अंग तिच्या अंगाला घाशी आणि आत पाठवी. स्वतः मात्र बाहेर पानाखाली राही. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी वारा बोचरा होता, पायात कुसळ मोडलं होतं. तोही दाराशी गेला.

"तू मघाशीच आत गेलास की," पहारेकरी हसला. "आणि काय शहाण्यासारखा गेलास! एकदाही भांडला नाहीस."

"डोळे फुटले का तुझे? ती माझी ताई होती!"

बोलून गेला. पहारेकऱ्याचं हसू थांबलं. दोघे पहारेकरी आत गेले.

त्यांनी साळूला अलगद आणलं, ढिगावर ठेवलं. "जा, आता तू आत जा," ते तिखट्याला म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

तो ढिगावर चढला आणि तिच्याजवळ बसला. रडू येत नव्हतं. तिने पांढऱ्या मिशांनी त्याला चाचपलं.

"कोणाचा रे तू?"

"इथलाच."

"तुला कोणी बाहेर टाकलं?"

तो तिच्या आणखी जवळ सरकला.

"काही खाल्लंस का?" असं म्हणत साळूने पोटातला एक थेंब ओठांवर आणला आणि अगदी लहानग्यांना भरवतात तशी मान वाकडी करून त्याच्या तोंडाशी धरला.

तिखट्याला भूक नव्हती. त्याने तोंड उघडलं.