उभ्या गाडीची रेघ

“पुलावरून गेलं तर परिक्रमा मोडते की नाही, एवढंच सांगा, माय.”

दगूमायने मान वर केली नाही. सुपात हरभऱ्याचे हिरवे घाटे होते, ती सोलत होती.

“कोन चाललं पुलावरून?”

“अजून कोणी नाही. मी आधी विचारून ठेवतोय.”

“बरं...”

विचारून ठेवणं हा प्रल्हाद फेगड्यांचा स्वभावच. चौतीस वर्षं त्यांनी भुसावळच्या रेल्वे कंट्रोलमध्ये गाड्या चालवल्या. इंजिनात बसून नव्हे, टेबलाशी बसून. कोणती गाडी कुठे थोपवायची आणि कोणती पुढे काढायची हे फेगडे ठरवायचे आणि शंभर मैलांवरचा ड्रायव्हर मुकाट ऐकायचा. असा माणूस रिटायर झाला, की घरातल्या भांड्यांनाही धाकात राहावं लागतं. पण फेगड्यांनी भांडी सोडली आणि नर्मदा धरली.

नदीला पायी वळसा घालायचा. एका दमात घालायचा तर कित्येक महिने लागतात. त्यांनी तो खंडाखंडाने घालायचा ठरवला. दरवर्षी वसंतात, होळी झाली की निघायचं, अठरा दिवस चालायचं, आणि जिथे थांबलो तिथूनच पुढल्या वर्षी पाऊल उचलायचं. दोन वसंतांत ओंकारेश्वरापासून समुद्रापर्यंतचा सगळा दक्षिण काठ त्यांनी चालून काढला होता. पहिल्या वर्षी एक मुक्काम निमाडातल्या याच पडवीत पडला होता. दगूमाय मूळची जामनेरकडची. तिने तीन अख्ख्या परिक्रमा केलेल्या, आणि आता ऐंशीच्या घरात, येणाऱ्याजाणाऱ्याला भाकरी घालत बसलेली.

म्हणून ते विचारायला आले होते. सोबत बायको होती. प्रमिलाबाई आल्या तशा दगूमायसमोर बसल्या आणि कोणी न सांगता सुपातले घाटे सोलू लागल्या.

माघ सरत आला होता. पलीकडच्या टेकडीवर पळस पेटायला लागले होते.

“नियम तर तुले ठाऊक हाये,” दगूमाय म्हणाली. “नदी ओलांडायची नाही. फक्त समुद्राच्या तोंडाशी, नावेतून.”

“ठाऊक आहे. यंदा नावेतून पलीकडे जाणार. मग उत्तर काठाने अठरा दिवस. मेख पुढेच आहे. मी उत्तर काठावर, अन् माझं घर दक्षिणेला. घरी यायचं कसं? गाडीत बसलो की मध्ये पूल आला.”

“मंग?”

फेगडे याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून गुंडाळी काढली, पडवीत पसरली, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

मोठा चौकटींचा कागद होता. आडव्या अंगाने दिवस, उभ्या अंगाने गावं. सगळ्यात खाली भुसावळ. मधून एक लाल रेघ, धारदार पेन्सिलीची.

“बडोद्यापर्यंत येईन. तिथून रतलाम, उज्जैन, भोपाळ, बीना, कटनी. कटनीहून शहडोल, पेंड्रा रोड, म्हणजे नर्मदा जिथे उगम पावते त्याच्याही पलीकडून. तिथून बिलासपूर, नागपूर, भुसावळ. कुठेही नदी ओलांडत नाही. एकदाही नाही. तीन दिवस लागतात. पुढच्या वर्षी जाताना पुन्हा तीन.”

“अन् पुलावरून?”

“पुलावरून... रात्री बसलं की सकाळी घरी.”

दगूमायने हात थांबवून कागदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बिलासपूरवरून,” ती म्हणाली. “तीन परिक्रमा झाल्या माह्या. इतक्या लांबून घरी जाणारा पाह्यला नाही.”

फेगड्यांना ते कौतुक वाटलं.

“दोन शास्त्र्यांना विचारलं. एक म्हणाला, चालतं, नंतर प्रायश्चित्त घ्या. एक म्हणाला, मोडली. मला सूट नको आहे, माय. नोकरीत कधी घेतली नाही. चूक की बरोबर, तेवढं हवं.”

“विमानाचंही विचारलंय यांनी,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “वरून उडत गेलं तर ओलांडलं धरायचं का.”

“मंग काय सांगितलं?”

“शास्त्री म्हणाले, खिडकी लावून घ्या.”

दगूमाय हसली. फेगडे हसले नाहीत. त्यांनी कागदावरची घडी तळहाताने सपाट केली.

“ही तिरपी रेघ काय रे, भाऊ?”

“तो मी. चालतोय. रेघ जितकी उभी तितका वेग जास्त. आमच्याकडे प्रत्येक गाडीची अशी रेघ ओढायची असते. लाल मेलची, निळी पॅसेंजरची, काळी मालगाडीची.”

“तू लाल.”

“मी... हो. वेळेवर चालायचंय म्हणून.”

“अन् काळी?”

“मालगाडीला घाई नसते. मेल काढायची, पॅसेंजर काढायची, सगळ्यांना वाट देऊन झाली, की मग ती सोडायची. तोवर उभी.”

“मेलवाला घरी जेवायलाही सिग्नल मागतो,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “ताट वाढलं की हाक मारायची नाही. लाइन क्लिअर म्हणायचं.”

“तू म्हनते?”

“म्हटल्याशिवाय उठत नाहीत.”

“अन् हे आडवं आडवं काय?” दगूमायने लाल रेघेवरच्या पायऱ्यांना बोट लावलं.

“मुक्काम. गाडी उभी राहिली, की रेघ आडवी जाते. गाडी थांबते, वेळ थोडाच थांबतो?”

“त्याच्यावर मुंगीसारखं काही लिहिलंय.”

इथे फेगडे ताठ बसले.

“ते कारण. ‘मुक्काम’. ‘नावेची वाट’. ‘एकादशी, अर्धा दिवस’. आमच्या कामात खरी परीक्षा तिथेच. गाडी चालती ठेवणं कोणालाही जमतं. ती उभी राहिली तर का राहिली, हे त्या रेघेच्या डोक्यावर लिहावंच लागतं. इंजिन बिघडलं, सिग्नल मिळाला नाही, म्हैस आडवी आली, जे असेल ते. बिनकारणाची आडवी रेघ दिसली, की सकाळी साहेब तक्ता घेऊन उभा. चौतीस वर्षं, माय. माझ्या तक्त्यावर बिनकारणाची रेघ कोणी दाखवावी.”

“एक बी नाही?”

“एकही नाही.”

दगूमायने मान हलवली. पटल्यासारखी.

“पंधराव्या दिवशी पाडवा आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

फेगड्यांनी पंधरावी चौकट पाहिली. बावीस किलोमीटर लिहिलं होतं.

“गुढी तू उभार की. दोन वर्षं उभारतेच आहेस.”

“हो. सांगितलं आपलं.”

खाली घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं. दगूमायने दोन दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

“भाऊ, एक मले समजलं नाही. तू बिलासपूरचा रस्ता काढला. गाड्या जुळवल्या. पक्कं केलं. तुले पुलावरून यायचंच नाही. मंग पुलाचं कायले विचारतो?”

“असंच.”

“असंच...?”

“माहीत असलेलं बरं.”

“असंच म्हनून कोनी निमाडात येत नाही. ते बी बायकोले घेऊन.”

फेगडे कागदाकडे पाहत राहिले. बोलायचं होतं ते नेमकं त्या चौकटींत कुठे बसत नव्हतं.

“मी विचारलं होतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. दळण किती आणायचं, हे सांगावं तसा होता.

“दिवाळीत माझ्या छातीत दुखलं, माय. जळगावला नेलं. नळीत जाळी बसवली. आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, सांभाळून. मुलगी नाशिकला, तिचं तिला आहे. तर संक्रांतीनंतर हे असेच कागद पसरून बसले होते. मी म्हटलं, तुम्ही पलीकडच्या काठावर असताना मला काही झालं... तर तुम्ही पुलावरून याल, की बिलासपूरवरून?”

“मंग?”

“‘बघू’ म्हणाले.”

“अन् मंग?”

“मग काही नाही. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. मी साबुदाणा भिजत घातला.”

दगूमायने फेगड्यांकडे पाहिलं.

“येणार नाही, असं म्हटलंय का मी?” फेगड्यांचे कान लाल झाले होते. “बघू म्हटलं. बघू म्हणजे नाही, असं कोणी सांगितलं? ऐनवेळी गोंधळ नको, म्हणून तर आधी विचारायला आलो. नियम कळला, की मी काय करायचं ते ठरवीन.”

“मोडत नाही असं मी म्हटलं, तर?”

“तर पुलावरून येईन. लगेच.”

“अन् मोडते म्हटलं, तर?”

फेगड्यांनी तोंड उघडलं.

“तर...”

धुणं आपटायचा आवाज थांबला होता.

“दोन वर्षं चाललोय, माय,” ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला. “टाचा फुटल्या. एकदा तापात चाललो. नोकरीत जे केलं ते सगळं दुसऱ्याच्या गाड्यांचं. हे एकच माझं आहे. ते माझ्या हाताने मोडायचं...”

“हं.”

दगूमायने सूप बाजूला सरकवलं. गुडघ्यांवर हात देत कागदाच्या कडेशी आली.

“ह्या कागदावर तू एकटाच?”

“मीच चालणार ना.”

“एकाच गाडीले एवढा तक्ता कायले लागते, भाऊ?”

फेगड्यांना उत्तर येत होतं. एक गाडी असली तर तक्ता लागतच नाही. तक्ता लागतो दुसरी असते म्हणून. हे ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचे.

“भुसावळ कुठी लिहिलं?”

“खाली. सगळ्यात खाली.”

“पेन्सिली हायेत?”

त्यांनी खिशातून तिन्ही काढून दिल्या. दगूमायने त्या तशाच प्रमिलाबाईंपुढे धरल्या.

“पोरी, हा तिकडे चालंल तेव्हा तू कुठी अशील?”

“घरी.”

“काढ.”

प्रमिलाबाईंनी पदराला हात पुसले. तीन पेन्सिलींकडे पाहिलं. लाल, निळी, काळी. एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि काळी उचलली.

“चष्मा देऊ?” फेगडे म्हणाले.

“नको. सरळच तर जायचंय.”

पट्टी मागितली नाही. भुसावळच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि ओढत नेली. होळीच्या पुढचा दिवस गेला. नावेचा दिवस गेला. पाडव्याची चौकट गेली, परतीचे तीन दिवस गेले. हात कुठे हलला नाही, रेघ कुठे वर चढली नाही की खाली आली नाही. कागद संपला म्हणून थांबली.

पेन्सिल खाली ठेवून त्या पुन्हा सुपाशी गेल्या.

फेगडे त्या रेघेकडे पाहत होते. असली रेघ त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती. दोन्ही वेळा अपघात झाला होता. चौतीस वर्षांची सवय, नजर आपोआप रेघेच्या डोक्यावर गेली.

तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

त्यांना आठवलं, दोन वर्षांचे जुने दोन तक्ते घरी कपाटावर गुंडाळून ठेवलेत. आणि त्याच्या आधीचे... पण त्याच्या आधी घराचा तक्ता कोणी काढलाच नव्हता. रात्रपाळी, दिवसपाळी, पुन्हा रात्रपाळी. लाइन क्लिअर.

“माय,” ते म्हणाले. “पुलाचं सांगितलं नाही तुम्ही.”

दगूमायने काळी पेन्सिल उचलली, नखाने टोक तपासलं, आणि त्यांच्या हातात दिली.

“आधी कारण लिही.”