सारख्या नादाचा ओतारी

डोंगराच्या पायथ्याला बाजाराचं एक गाव होतं. त्या गावात चिमाक्का नावाची एक ओतारीण गुरांच्या गळ्यातल्या घंटा ओतायची. तिच्या दुकानासमोर सटवाजी नावाचा दुसरा एक ओतारी नवीनच येऊन बसला. तोही घंटाच ओतायचा.

सटवाजीचा हात फार साफ होता आणि स्वभाव भारी चौकस. कुठलीही वस्तू हातात आली की ती कशी केली असेल, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आता त्याला एकच कोडं पडलं होतं. दर बाजाराला डोंगरावरचे गवळी खाली उतरायचे आणि सरळ चिमाक्काच्या दुकानात शिरायचे. त्याच्या चकचकीत घंटांकडे एखादाच वळून बघायचा.

"असं काय आहे त्या बाईच्या घंटेत?" तो स्वतःशीच म्हणायचा.

शेवटी त्याने एका ओळखीच्या माणसाकरवी चिमाक्काची घंटा विकत आणवली आणि घरी नेऊन कापली. आत काय असणार? तांबं आणि कथील, त्याच्याकडे असायचं तेच. त्याने जाडी मोजली, लोलक तोलून पाहिला, मेणाचा साचा केला आणि हुबेहूब तशी घंटा ओतली. वाजवून पाहिली तर नादही अगदी तोच. मग त्याने तशाच घंटांची रास ओतली, तिच्याहून जास्त घासूनपुसून चकचकीत केली आणि किंमतही कमी ठेवली.

त्या बाजाराला गवळी त्याच्याकडे आले. सटवाजी खूश झाला. पण हळूहळू एकेक करून ते पुन्हा समोरच्या दुकानात दिसायला लागले.

"गुपित धातूत नसेल, तर हातात असेल," सटवाजीला वाटलं. चिमाक्काकडे म्हादू नावाचा एक जुना कारागीर होता. सटवाजीने त्याला जास्त मजुरी कबूल केली आणि आपल्या भट्टीवर आणलं. जाताना म्हादू ओशाळला होता, पण चिमाक्का त्याला एवढंच म्हणाली, "जा बाबा, लेकराबाळांचा धनी आहेस तू."

म्हादूने सुंदर घंटा ओतल्या. तरी दुकान रिकामंच.

"म्हादू, खरं सांग. अक्का काय करते, जे आपण करत नाही?"

"मालक, मी तर भट्टीच फुंकत होतो. ती सांगायची, अमक्या जाडीची ओत. मी ओतायचो. का, ते मी कधी विचारलं नाही."

आणि एके दिवशी बिरू नावाचा गवळी तणतणत दुकानात आला. त्याने सटवाजीची घंटा धाडकन फळीवर आपटली.

"घे तुझी घंटा परत!"

"का रे बाबा? फुटकी निघाली का?"

"फुटकी असती तर बरं झालं असतं. चांगली खणखणीत वाजते. पण आमच्या वाडीत चार घरच्या गाईंच्या गळ्यात हीच वाजते! परवा डोंगरावर धुकं उतरलं. हाताला हात दिसेना. मी आवाजाच्या मागे गेलो, तर ती शेजाऱ्याची गाय. तोवर माझी कालवड कड्यावरून खाली गेली. पहिल्या वेताला आलेली होती रे!"

सटवाजीने घंटेचे पैसे परत करायला हात पुढे केला, पण बिरूने ते घेतले नाहीत. सटवाजीला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. कालवड त्याने मारली नव्हती, पण घंटा त्याची होती.

दुसऱ्या दिवशी तो बिरूला गाठून त्याच्या मागोमाग डोंगर चढला. वर पठारावर पुन्हा धुकं होतं. समोर नुसता पांढरा पडदा, आणि त्यातून वेगवेगळे नाद येत होते. एक घोगरा, एक किणकिणता, एक जरा दमलेला.

बिरू कान देऊन म्हणाला, "ती आमची म्हातारी म्हैस. ती पलीकडच्या काकीची तांबडी, ती नेहमी कळप सोडून चरते. आणि ती ऐकलीस? थांबून थांबून वाजते ती? ती लंगडी आहे."

"न बघता ओळखता?"

"बघून कसं भागेल? डोंगरात डोळ्यापेक्षा कान मोठा."

सटवाजीला एकदम उजाडल्यासारखं झालं. गवळी घंटा विकत घेत नव्हते, ते आपल्या गाईची ओळख विकत घेत होते. सोपं आहे मग! त्याने खाली येऊन वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या आकाराच्या घंटा ओतल्या. पण बाजारात त्या विकताना पुन्हा घोळ झाला. कुठल्या वाडीत कुठला नाद आधीच वाजतो, हे त्याला कुठे ठाऊक होतं? एकाच वाडीतल्या दोन गवळणींनी एकाच नादाच्या घंटा नेल्या आणि पुढच्या बाजारी भांडत परत आणल्या.

तेव्हा मात्र त्याने लाज गुंडाळून ठेवली आणि रस्ता ओलांडून चिमाक्काच्या दुकानात गेला.

"अक्का, तुमचा कारागीर मी नेला, तुमची घंटा कापून पाहिली. चुकलो. पण तुम्ही हे कसं करता, ते कळल्याशिवाय मला राहवत नाही. दाखवाल का?"

चिमाक्का हसली. "यात लपवण्यासारखं काय आहे? बैस इथे, बघ."

सटवाजी तिच्या शेजारी बसला. एक गवळण आली आणि तिने वरची एक देखणी घंटा मागितली. चिमाक्काने घंटा उचललीच नाही.

"तू उंबरवाडीची ना? तुझ्या थोरल्या जावेच्या वासराला हाच नाद आहे. तुला ही नाही मिळायची."

"पण मला हीच आवडली, अक्का."

"आवडली तरी नाही. ही घे, जरा खर्जातली. तुझी गाय दरीच्या अंगाला चरते, खर्जाचा नाद लांब जातो."

गवळणीने घंटा कानाशी धरून हलवली, मान डोलावली आणि घेऊन गेली.

"हातातलं गिऱ्हाईक परत पाठवत होतात तुम्ही!" सटवाजी म्हणाला.

"दिली असती तर आज घंटा खपली असती आणि उद्या दोघी जावा हातच्या गेल्या असत्या. माझ्या आईपासून आम्ही दर उन्हाळ्यात वाड्या फिरतो. ज्वारीची भाकरी खातो, गुरं ऐकतो. कुठली गाय मेली, कुठली व्यायली, कोणाची सून वेगळी राहायला लागली, सगळं कानावर येतं. त्याप्रमाणे ओतायचं. तुलाही जमेल. फक्त आजपासून डोंगर चढायला लाग आणि म्हातारा होईस्तोवर थांबू नकोस."

सटवाजीला सगळं दिसत होतं, सगळं कळलं होतं, आणि तरी ते उचलून नेता येत नव्हतं.

तेवढ्यात दारात एक उंच बाई आली. ती नाचाच्या फडाची मालकीण होती. तिने कनवटीची घुंगरांची माळ सोडून जमिनीवर टाकली.

"ऐका हो, अक्का. उजवा पाय एक बोलतो, डावा भलतंच बोलतो. माझ्या पोरींनी नाचायचं कसं? मला शंभर घुंगरं हवीत, पण नाद एकच हवा."

चिमाक्का मान हलवत म्हणाली, "बाई, माझा हात वेगळं करण्यातच मुरलाय. सारखं मला जमत नाही." मग तिने सटवाजीकडे बोट केलं. "याने माझी घंटा अशी ओतली होती, की माझी कुठली आणि याची कुठली, हे मला स्वतःला कळलं नव्हतं. याला विचारा."

सटवाजी चमकला. गवळ्यांकडे जो त्याचा दोष ठरला होता, तोच कोणीतरी शोधत दारोदार फिरत होतं! आणि आजवर तो दुसऱ्याच्याच दुकानात काय आहे, ते बघत बसला होता.

घरी येऊन त्याने गुरांच्या घंटांचे साचे फोडून माती कालवायला घेतली. म्हादू घाबरला.

"मालक, निदान थोड्या घंटा तरी ठेवा! चार गिऱ्हाइकं येतात अजून."

"भट्टी एक, आणि घंटेला कान वेगळा लागतो, घुंगराला वेगळा. दोन्ही करायला गेलो तर दोन्ही बिघडेल. तू अक्काकडे परत जा, म्हादू. तुझी खरी गरज तिथे आहे."

मग सटवाजी फडाबरोबर हिंडला. पोरी नाचताना पाऊल कसं टाकतात, कुठलं घुंगरू आधी झिजतं, लाकडी फळीवर नाद कसा बदलतो, हे तो कान लावून ऐकत राहिला. एकेक घुंगरू तो पहिल्याशी लावून बघायचा आणि केसभर वेगळं वाजलं तरी पुन्हा मुशीत टाकायचा.

जत्रेच्या आधी एक व्यापारी आला. "पोतंभर घुंगरं दे. नाद जुळवत बसू नकोस, जत्रेत कोण ऐकतंय?"

पोतंभर म्हणजे मोठा सौदा होता. सटवाजीचा हात क्षणभर घुटमळला. मग त्याने मान हलवली. "न जुळवलेलं घुंगरू माझ्या दुकानातून बाहेर जात नाही, शेठ."

व्यापारी पाय आपटत निघून गेला आणि दुसरीकडून माल घेऊन आला. जत्रेत त्याची घुंगरं बांधून नाचलेल्या फडाचा नुसता कलकलाट झाला. लोक उठून गेले. सटवाजीची घुंगरं बांधलेल्या पोरींनी पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा शंभर घुंगरांचा मिळून एकच नाद निघाला आणि मैदान चिडीचूप झालं. त्या वर्षापासून लांबलांबचे फड त्या गावाची वाट विचारत येऊ लागले.

यातून घ्यायचं तात्पर्य असं: दुसऱ्याची वस्तू एका दिवसात उचलता येते, पण त्याने गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं दिलेला कान उचलता येत नाही. आपलं गिऱ्हाईक कोण, हे ओळखून बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणता आलं, की मगच धंद्याला मूळ धरतं.