विधवेची नथ

पेशवाईवरच्या मालिकेची वेशभूषा हेमांगी सांभाळायची. निर्माते खानविलकरांपुढे सेटवर कुणी ब्र काढत नसे. उलट बोलला म्हणून त्यांनी सरदाराचं काम करणाऱ्या नटाला हाकललं आणि कथेत सरदाराला लढाईत मारून टाकलं.

आता ते गरजले, "सरदारीणबाई फिक्या दिसतात. नथ, मंगळसूत्र, हिरवा शालू चढवा!"

हेमांगीने मनात हिशेब मांडला. विधवेला हा साज चढवला तर लोक हसणार; नाही म्हटलं तर आपणही घरी जाणार. तरी ती हळूच म्हणाली, "चढवते साहेब. फक्त सरदार जिवंत करावे लागतील. त्या नटाला फोन तुम्ही करता, की मी करू?"

खानविलकर मग पुटपुटले, "राहू दे. पांढरं लुगडंच शोभतं बाईंना."