रेवतीचं कच्चं व्रत

अपक्वानंद महाराजांच्या मठात अग्नीला बंदी होती. शिजवलेलं अन्न म्हणजे प्रेत आणि दूध म्हणजे वासराच्या तोंडचं चोरलेलं, असं महाराज सांगत. भक्त बिचारे भिजवलेले मूग आणि कच्च्या भाज्या चावत देवाचं नाव घेत.

यमुनाबाई लेकीच्या सासरी आल्या आणि दारातच थबकल्या. सहा महिन्यांची गरोदर रेवती भिंतीला धरून चालत होती, ओठ पांढरेफटक पडले होते. यमुनाबाईंनी तांदळाची पेज केली, पण रेवती वाटीला हात लावेना.

"महाराजांचं कच्चं व्रत मोडलं तर बाळाला काही होईल गं, आई."

यमुनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेज डब्यात भरून, लेकीला रिक्षात घालून त्या मठात भर प्रवचनात जाऊन उभ्या राहिल्या.

"महाराज, तुमच्या व्रतानं माझी पोर वाळत चाललीय."

महाराज मंद हसले. "व्रतानं नव्हे. खऱ्या श्रद्धावंताला अशक्तपणा शिवत नाही. हिची श्रद्धाच कमी पडते."

"मग श्रद्धेवाचून धरलेलं व्रत देव मानतो का?"

"मुळीच नाही. ते व्रतच नव्हे," महाराज सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले.

"ऐकलंस ना, रेवती? तुझं व्रत कधी लागलंच नव्हतं, मग मोडायचं काय?" यमुनाबाईंनी तिथंच डबा उघडला.

रेवतीनं पहिला घोट घेतला, तशी पुढच्या रांगेतली एक फिकुटलेली बाई उठली.

"मलाही चक्कर येते, महाराज. माझीही श्रद्धा कमीच असणार," असं म्हणत तिनं डब्याकडे हात पुढे केला.