सुतळीचं माप

अवजारं बोलायची तेव्हाची गोष्ट. खळं सारवायला शेण किती लागेल, ते सुतळी घेर मोजून सांगायची. गेल्या साली घेर तीस हात होता, दोन पाट्या पुरल्या. यंदा साठ हात भरला.

“चार पाट्या,” सुतळी म्हणाली.

“कडेनं फिरलीस, आत बघ तरी,” मधोमध रोवलेली मेढ म्हणाली.

“मला मोजणं शिकवू नकोस.”

चार पाट्यांत निम्मंच खळं सारवून झालं. गोठ्यात आणखी शेण नव्हतं. निम्मी ज्वारी मातीवरच मळावी लागली.

“मेढीबाई,” सुतळी हळूच म्हणाली, “घेर दुप्पट झाला की आतली जागा चौपट होते का गं?”

“होते.”

शेजारी सूप ज्वारीतले खडे घोळून काढत होतं. एकेक खडा पडला की सुतळी स्वतःला आणखी घट्ट गुंडाळून घ्यायची.