परीची वाटी आणि मोहन

आटपाट नगराच्या गोष्टी पुष्कळ आहेत, ही मात्र खाडीकाठच्या एका साध्या गावातली. तिथे तानी नावाची मुलगी आणि तिची आई एका खोलीत राहायच्या. आईला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. पेज दिली तरी माती, गूळ दिला तरी माती. आईने खाणंच सोडलं आणि ती दिवसेंदिवस वाळत चालली. तानीला फार भीती वाटायची.

दिवाळी तोंडावर आली.

"आई, नानकटाई केली तर खाशील?"

"बघू गं," आई म्हणाली.

पण डब्यांत होतं काय? मुंग्यासुद्धा डोकावून परत जायच्या.

तानी काटक्या गोळा करायला पेरूच्या बागेत गेली. पानांतून सोनेरी ऊन ठिबकत होतं. एका फांदीवर कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. बघते तर इवलीशी परी! पंख मोरपिशी, झगा हळदी, आणि नाक रागाने लालेलाल. तानीने तिला अलगद जाळ्यातून सोडवलं.

"चांगली आहेस," परी झगा झटकत म्हणाली. "मी डब्यांची परी. ही घे वाटी. तीनदा माग, तीनदा भरेल. नियम ऐक. तोंडातून निघेल तेच मिळेल, बदलून मिळणार नाही. आणि दिवेलागणीच्या आत वाटी परत आण."

"माझ्या आईची चव द्याल?"

"चव मागून मिळत नसते. डब्यातलं माग."

"मग मैदा!" तानी म्हणाली. वाटी शुभ्र मैद्याने शिगोशीग भरली. तो तिने ओच्यात ओतला. "पिठीसाखर!" तीही चमचमत आली. ती तिने रुमालात बांधली.

तिसरं काय? करंज्या करताना आई म्हणायची, मोहन नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. तानी झटकन म्हणाली, "मोहन!"

वाटीत पिवळंधमक बदकाचं पिल्लू बसलेलं. "पॅक!" ते म्हणालं.

"हा मोहन," परी म्हणाली. "तूच मागितलास." आणि पेरूच्या पानाआड गेली.

तानीला रडू फुटलं. पण पिल्लू कोणाचं ते तिला ठाऊक होतं. शेजारची फिलूमावशी सकाळपासून "मोहन, मोहन" करत गल्लीभर फिरत होती. तानी वाटी घेऊन तडक तिच्या दारात गेली.

"अगो, माझा मोहन!" फिलूमावशीने पिल्लू गालाला लावलं. सगळी हकिगत ऐकून ती पोट धरून हसली. "वेडे, मोहन म्हणजे पिठात घालायचं कडकडीत तूप! आणि नानकटाईला तेही लागत नाही. तूप नुसतं फेसायचं, माझ्या नाताळच्या केकला लोणी फेसते ना मी, तसं." तिने तानीची वाटी तुपाने भरली. "भरून आलेली वाटी रिकामी कशी पाठवू?"

तानीने तूप फेसलं, मैदा आणि साखर सगळीच्या सगळी घातली, पिटुकले गोळे वळले आणि ताट घेऊन हमीदचाचांच्या भट्टीवर गेली. त्या भट्टीला गावचे सगळे सण पाठ होते. दिवाळीला नानकटाई, नाताळला केक, ईदला बिस्किटं.

हमीदचाचांनी प्रत्येक गोळ्यावर वेलचीपूड टेकवली. "ईदच्या बिस्किटांना तुझी आई वेलची कुटून द्यायची, बेटा. आता माझ्याकडची घे."

खरपूस वास बाजारभर पसरला. तानीने थोड्या नानकटाया चाचांना दिल्या. एक खाऊन ते घटाघट पाणी प्यायले. मग म्हणाले, "गोड आहे हं!" थोड्या फिलूमावशीकडे गेल्या, उरलेल्या आईपुढे.

आईने एक तुकडा तोंडात घातला. हळूहळू चावला.

"छान असेल गं," ती म्हणाली. "मलाच काही लागत नाही."

तानी हिरमुसली. पण ऊन उतरत होतं आणि वाटी परत करायची होती. नुसती वाटी कशी न्यायची? उरलेल्यांतली सगळ्यात गोल नानकटाई तिने वाटीत ठेवली आणि बागेत धावली.

परी वाटीकडे बघतच राहिली. "हे काय?"

"तुमच्यासाठी. रिकामी कशी आणू?"

"आजवर किती जणांना दिली ही वाटी," परी म्हणाली. "सगळ्यांनी धुऊनपुसून परत केली. भरून कुणी आणली नाही." तिने नानकटाई खाल्ली, बोटं चाटली आणि मिश्कील हसली. "आता मलाही रिकामी देता येईना. घे, घेऊन जा."

"यात तर काहीच नाही!"

"हातात धरून बघ."

वाटी चांगली जड लागत होती. तानी वर बघते तर फांदीवर केशरी, जांभळा, सोनेरी उजेड भरला होता. तो पेरूच्या पानापानावरून निथळला आणि विझला. परी गेली होती.

गावात पणत्या लागल्या होत्या. तानीने घरी येऊन त्या वाटीत एक नानकटाई ठेवली आणि आईच्या हातात दिली. आईने मुलीच्या समाधानासाठी लहानसा घास घेतला. मग थांबली. मग मोठा घास घेतला.

"तानी," आई म्हणाली.

"काय गं?"

"साखर किती घातलीस बाई! तोंड गोडमिट्ट झालं माझं!"

असं म्हणून तिने दुसरी उचलली. तानी आईच्या गळ्यातच पडली.